धन सरकलं

जुन्या नाशकात कुणाकडे सत्यनारायणाला गेलात आणि एखादे गृहस्थ प्रसादाचा द्रोण हातात धरून टाचेनं फरशी ठोकताना दिसले, तर त्यांना वाताचा त्रास आहे असं समजू नका. ते जमिनीचा आवाज ऐकताहेत. आवाज भरीव आला तर प्रसाद खाऊन निघतील. पोकळ आला तर आणखी थोडा शिरा मागून घेतील, यजमानांच्या शेजारी मांडी ठोकतील आणि सहज विचारल्यासारखं विचारतील, "वाडा आजोबांनी बांधलेला, का विकत घेतलेला?"

या गृहस्थांना आपण हंडेकाका म्हणू. हे त्यांचं आडनाव नव्हे, जन्माचा उद्योग आहे. मोहरांनी भरलेला एक हंडा कुठंतरी पुरलेला आहे आणि तो आपलीच वाट बघतोय, एवढ्या एका वाक्यावर त्यांचा संसार उभा आहे. म्हणजे त्यांचा उभा आहे. काकूंचा कधीच बसला.

हंडेकाका एकटे नाहीत. तिवंध्यावर एक आहेत, तांबट लेनमध्ये आहेत, पंचवटीत तर गल्लीआड आहेत. सिन्नर-निफाडच्या बाजूला पारावर चार माणसं बसली असतील तर त्यांतला एक नक्की सापडतो. दिवसा ते कुणीही असतात : निवृत्त तलाठी, सायकलवाले, विमा एजंट, गारपिटीनं बाग झोपलेले द्राक्षबागायतदार. रात्री बारानंतर सगळ्यांचा धंदा एकच.

इतिहासाची पुस्तकं पेशवाई बुडाल्याची डझनभर कारणं देतात. काकांच्या लेखी १८१८ सालची महत्त्वाची घटना एकच : लोकांनी घाईघाईनं पुरलं. पुरावा म्हणून ते लगेच नाशिकचा हिरा काढतात. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा तो हिरा इंग्रजांनी त्याच साली दुसऱ्या बाजीरावाकडून घेतला आणि लंडनला नेऊन विकला. पुढं तो अमेरिकेत गेला, पुन्हा पैलू पाडल्यावर ४३ कॅरटांचा उरला आणि १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख डॉलरला गेला. इतका तपशील काकांना पाठ असतो, आणि त्यावरचा निष्कर्षही तयार असतो. "दिसत होतं ते साहेब घेऊन गेला. म्हणजे दिसत नव्हतं ते इथंच आहे की नाही?" या युक्तिवादाला उत्तर नाही. मी तरी अजून ऐकलेलं नाही.

बरं, काका अगदीच हवेत बोलत नाहीत, हीच तर खरी पंचाईत. गोदावरी आणि दारणेच्या संगमाशी जोगलटेंभी नावाचं गाव आहे. तिथं १९०६ साली खरोखरच घबाड निघालं. नहपान क्षत्रपाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी. त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचं नाणं वितळवत न बसता त्याच्या तोंडावर आपली मोहर उठवायची, ही सातवाहनांची तऱ्हा इतिहासकारांना फार आवडली. कुणी कुणाला हरवलं याचा लेखी निकालच त्यांच्या हाती आला. काकांना त्यातला राजा, पराभव, ठसा यांतलं काही नको. "चांदी जर तेरा हजार, तर सोनं किती असेल, हिशेब करा!" जोगलटेंभी हे जिल्ह्याचं भूषण खरं, पण त्या एका सापडण्यानं जिल्ह्यातल्या चार पिढ्या कामातून गेल्या, याची नोंद कुठल्याच गॅझेटिअरमध्ये नाही.

पांडवलेण्यांवरही काका वर्षातून एकदा चढतात. गुडघे दुखतात, तरी चढतात. दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. या जावयानं भिक्षूंच्या कपड्यालत्त्यासाठी आणि वरखर्चासाठी ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले : २,००० महिना एक टक्क्यानं, १,००० महिना पाऊण टक्क्यानं. मुद्दल मोडायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. मुदत ठेवीची पावती दगडात कोरून ठेवणारं गाव म्हणून नाशकाचा खरं तर बँकांनी सत्कार करायला हवा. त्याच लेखात देवांना आणि ब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा हिशेब आहे. पस्तीसला एक सुवर्ण या दरानं २,००० सुवर्ण. काका सगळा लेख सोडून त्या दोन हजारांवर बोट ठेवतात. "देवाला दिले म्हणतो. देवाला खिसे असतात का? मग ठेवले कुठं?"

काकू एकदा त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. गाइडनं सगळं समजावून सांगितल्यावर एवढंच म्हणाल्या, "दोन हजार वर्षांपूर्वी इथं वर्षाला बारा टक्के मिळत होते. आमच्याकडे होतं ते सगळं खड्ड्यात गेलं." आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

मोहीम ठरली की माणसं जमवावी लागतात. एक माहितीवाला, त्याला जागा ठाऊक असते. एक जागामालक, त्याला बहुधा काहीच ठाऊक नसतं. एक भगत. एक गाडीवाला. कुदळ मारणारे दोघे. आणि सगळ्यांत दुर्मीळ म्हणजे पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. पण हल्ली खरा पायाळू मिळत नाही. पोटात मूल उलटं दिसलं की डॉक्टर सरळ सिझेरियन करतात. देशाच्या संपत्तीचं याएवढं नुकसान कुणी केलेलं नाही, असं काकांचं ठाम मत आहे. मग कुणाच्या तरी मेहुण्याला पायाळू म्हणून आणतात, त्याच्या डोळ्यांत काजळासारखं काहीतरी घालतात, डोळे चुरचुरायला लागले की तो दिसेल त्या दिशेला बोट करतो, आणि तिथं खोदायला सुरुवात होते.

भगताची यादी असते. काळी कोंबडी, अकरा नारळ, सात लिंबं, हळद-कुंकवाचे पुडे, कोरं सूप आणि दारूची एक बाटली. ही बाटली जागेच्या राखणदाराला लागते, असं भगत म्हणतो. ती राखणदाराच्या आधी भगतालाच लागते हे सगळ्यांना दिसतं, पण बोलायचं नसतं. कॅनडात क्लोंडाइकच्या सोन्यासाठी १८९७-९८ साली लाखभर माणसं घरदार सोडून निघाली, तेव्हा खिंडीच्या माथ्यावर पोलीस उभे असत. वर्षभराचा शिधा, म्हणजे सगळं सामान धरून टनभर ओझं, बरोबर असल्याशिवाय पुढं सोडत नसत. कारण बर्फात उपाशी मरतील. आमच्याकडे नारळ मोजतात, भाकरी कुणी मोजत नाही. पहाटे चारला भुकेनं कळवळलेली मंडळी शेवटी तेच नारळ फोडून खातात.

(एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. या नादात काही ठिकाणी कोंबडीवर भागलेलं नाही. म्हणूनच दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांचा उल्लेख मुद्दाम आहे. आमचे काका त्या वाटेला जाणारे नव्हेत. कोंबडी कापायची वेळ आली की ते लघवीला जातात.)

खोदकामाचं काय सांगावं! नाशिक उभं आहे ते काळ्या कातळावर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्या दख्खनच्या पठाराचा हा भाग. या कातळात सोन्याच्या शिरा असण्याचं काही कारण नाही. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या पार तिकडे नागपूर-भंडाऱ्याच्या जुन्या खडकांत. इथं वर हातभर माती, मग मुरूम, मग कुदळीच्या पात्याला वाकवणारा दगड. काकांच्या तळहाताला फोड येतात, कंबर धरते, एका पावसाळ्यात तर टायफॉइड झाला. गस्तीची गाडी आली की मेलेलं कुत्रं पुरतोय म्हणून सांगावं लागतं. पोलीस विचारतात, कुत्रं कुठाय? हा प्रश्न आधी सुचलेला नसतो.

त्या कातळात काहीच नसतं असंही नाही. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइटचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे स्फटिक वाढलेत. पांडवलेण्याच्या परिसरातल्या खाणींतले हिरवेगार अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असले स्फटिक काचेआड दिव्याखाली मांडून ठेवलेत. पाथर्डीकडच्या एका रात्री अशीच एक पोकळी फुटली. बॅटरीच्या उजेडात आत हिरवं काही चमकलं. काकांनी वाकून पाहिलं, "हॅत्, गारा!" म्हणाले आणि कुदळीच्या मागच्या बाजूनं सगळं ठेचून नाल्यात लोटलं. पिवळं नव्हतं.

काही सापडलं नाही म्हणजे काही नव्हतं, असा अर्थ काढणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. न सापडण्याची कारणं तयार असतात. खोदताना बोलायचं नसतं, कुणीतरी शिंकलं. ठेच लागून कुणी "अगं आई गं" म्हणालं. ज्याच्या नशिबात नाही त्याच्या हाती धनाचे कोळसे होतात, अशी तर जुनीच समजूत. त्यामुळं खड्ड्यात कोळसा निघाला की मंडळींना दुप्पट आनंद होतो. सोनं होतं, हे सिद्धच झालं! गावच्या पांढरीत, जिथं शेकडो वर्षं माणसांनी चुली पेटवल्या, तिथं कोळशाखेरीज दुसरं काय निघणार, हे कुणी विचारत नाही. गोदाकाठच्या मातीच्या गढीत १९५०-५१ साली सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं, त्यांनाही खापरं, राख, दगडाची हत्यारं हेच मिळालं, आणि त्यावरून त्यांनी नाशकाचा इतिहास कित्येक शतकं मागं नेला. काकांचा त्यांच्यावरचा संशय अजून गेलेला नाही. "एवढे डॉक्टर झालेले लोक खापरांसाठी उन्हात बसतील होय?"

आणि कुठलंच कारण लागू पडलं नाही तर शेवटचं असतंच : धन सरकलं. हंडे जमिनीखालून रात्री चालतात, साखळदंडाचा आवाज येतो, आपण इथं खोदत असताना ते शेजारच्या सर्व्हे नंबरात गेलं. हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नये. क्लोंडाइकला निघालेल्या लाखभरांतले तीस-चाळीस हजारच डॉसनला पोचले, त्यांतल्या मोजक्यांच्याच हाती काही लागलं. बाकीचे शहाणे होऊन घरी जातील म्हणावं, तर १८९९ साली अलास्कात नोमला सोनं निघाल्याची खबर आली आणि डॉसनमधली हजारो माणसं बोटी धरून तिकडं पळाली. धन सरकलं होतं!

मला वाटतं, या माणसांना निराशा होतच नाही. आपण उगाच त्यांची कीव करतो. कष्ट त्यांचे खरे, फोड खरे, टायफॉइड खरा. पण निराशा ते घरी आणून टाकतात आणि स्वतः मोकळे होतात. खड्ड्यातून रिकाम्या हातानं निघालेले काका पहाटे चहाच्या टपरीवर बघा. तोंडावर माती, डोळे लाल, आणि बोलणं पुढच्या अमावास्येचं. तेव्हाच घरी काकू दूधवाल्याला सांगत असतात, "या महिन्याचं पुढच्या महिन्यात देते."

मध्यंतरी काका आधुनिक झाले. कुणीतरी तांदूळ ओढणाऱ्या भांड्याची, म्हणजे राईस पुलरची थाप मारून गेला. त्याच्या चाचणीचा खर्च काकांनी दिला. तांदूळ जागचे हलले नाहीत, माणूस हलला. खोदकामात सापडलेली सोन्याची माळ स्वस्तात देणारा एक मजूर भेटला. त्याच्या माळेचे दोन मणी सराफानं खरे म्हणून सांगितले, उरलेली माळ पितळेची निघाली. मग मेटल डिटेक्टर आला, ऑनलाइन, हप्त्यावर. यंत्र प्रामाणिक होतं. त्यानं खिळे दाखवले, बाटल्यांची बुचं दाखवली, घोड्याची नाल दाखवली. एकदा तर एका वाड्याच्या बोळात असं काही किंचाळलं की काकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. खोदलं. सोन्याऐवजी फवारा आला. पुढं दोन दिवस गल्लीत टँकर यायचा, आणि रांगेत हंडा घेऊन पहिला नंबर काकूंचा.

सोनं शोधून पोट भरणारी माणसं नाशकात नाहीत असं नाही. सराफ बाजारात सकाळी लवकर जा. दुकानांसमोरची, पायऱ्यांच्या फटींतली, गटाराच्या तोंडाशी साचलेली धूळ झाडून गोळा करणारे झारेकरी दिसतील. कारागिराच्या कानशीतून उडालेला कीस, फुंकणीनं विखुरलेला कण, सगळं त्या धुळीत असतं. पाण्यात खळाखळा धुवायचं, पाऱ्यानं कण धरायचे, पारा उडवायचा, तेजाबात शुद्ध करायचं. नाकातोंडात जाणाऱ्या त्या धुरानं आयुष्य कमी होतं, आणि हाती येतं गुंजभर, कधी तेवढंही नाही. गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की बाजारात पाणी शिरतं. ओसरल्यावरच्या गाळालाही त्यांचे हात लागतात. काका हे सगळं पाहतात आणि नाक मुरडतात. "झाडू मारून कुठं धन मिळतं? त्याला योग लागतो." झारेकऱ्याचा पोरगा त्या धुळीवर शिकतोय. योगावर अजून कुणी शिकल्याचं ऐकिवात नाही.

भागीदारांची भांडणं मात्र न सापडलेल्या धनावरूनच जास्त रंगतात. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. धनी कुणी पुढं आला नाही आणि जागामालकाशी वेगळा करार नसला तर सापडणाऱ्याला बारा आणे, जागामालकाला चार आणे. हे काकांना कळलं त्या दिवशी घरात सुतक आल्यासारखं वातावरण होतं. "चार आणे त्याला? काय म्हणून? खोदलं आम्ही!" त्यावरून माहितीवाला बिथरला, सापडणारा म्हणजे कोण, दाखवणारा का खोदणारा, हा वाद टपरीवर पेटला. भगतानं राखणदाराचा वेगळा हिस्सा मागितला. तीस वर्षांची मैत्री त्या दिवशी तुटली. खड्डा अजून कमरेइतकाही झाला नव्हता.

या सगळ्याला पैसा कुठून आला? कपाटातून. काकूंच्या माहेरच्या चार तोळ्यांच्या पाटल्या २००० सालच्या आसपास आधी पतपेढीत तारण गेल्या, मग व्याज थकलं तसं विकल्या. तेव्हा तोळा साडेचार हजारांच्या आसपास होता. २०२५ च्या एप्रिलात भाव लाखाला टेकला. म्हणजे काकांना त्या घरात खरोखरच धन सापडलं होतं, पायाळू न लावता. तेच त्यांनी घालवलं. ही गोष्ट काकूंनी कधी तोंडानं काढली नाही. मुलानं एकदा काढली, मोबाइलवर भाव दाखवून. काकांचे डोळे चमकले. "बघ! मी काय म्हणत होतो? आता सापडलं तर केवढं होईल!"

सध्या काकांचे दिवस बरे चाललेत. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी म्हणून सगळं शहर उकरून ठेवलंय. रस्ते, गटारं, जलवाहिन्या, घाट. नाशिककर वैतागलेत, धुळीनं खोकताहेत, दुचाक्या खड्ड्यांत पडताहेत. एकटे काका खूश. जन्मात स्वतःला जमलं नसतं एवढं खोदकाम सरकारी खर्चानं, दिवसाढवळ्या, भगत न लावता चाललंय. सकाळी सातपासून ते जेसीबीच्या कडेला उभे. बकेट वर आली की मान वर, खाली गेली की मान खाली. माती ओतली की दोन पावलं पुढं. दुपारचा डबा तिथंच.

कंत्राटदाराच्या माणसाला आधी वाटलं, हे महापालिकेचे. मग वाटलं, माहिती अधिकारवाले. तो इतका धास्तावला की त्या पट्ट्यातलं खडीकरण नियमाप्रमाणं झालं. गल्लीतल्या लोकांच्या हे लक्षात आलं आणि गणेशोत्सवात मंडळानं 'जागरूक नागरिक' म्हणून काकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि लाकडी पाटीवर पिवळंधमक स्मृतिचिन्ह. काकांनी भाषणात सांगितलं, की जमिनीत काय चाललंय यावर प्रत्येक नागरिकाचं लक्ष असलं पाहिजे. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी काका ते स्मृतिचिन्ह पिशवीत घालून सराफ बाजारात गेले. सराफानं कसोटीवर घासलं आणि काही न बोलता परत दिलं. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय निघालं?"

"पितळ."

"असू दे," काकू म्हणाल्या, "कपाटात ठेवा. पाटल्यांची जागा रिकामीच आहे."